अण्णांना काय सांगितलंत, करीमसर

करीमसर,

शोकसभेत प्राचार्य तुम्हाला अजातशत्रू म्हणाले. मी दुसऱ्या रांगेत होतो. पंचवीस वर्षं एका स्टाफरूममध्ये काढली म्हणून बोलणाऱ्यांच्या यादीत माझं नाव तिसरं होतं. माईकपाशी गेलो, 'सर मोठे शिक्षक होते' एवढं म्हणालो आणि जागेवर येऊन बसलो. लोकांना वाटलं, प्रल्हादचा गळा दाटून आला. गळा वगैरे काही दाटला नव्हता. दोन दिवस आधी तुमच्या बहिणीनं, रझियाआपांनी, मला जे सांगितलं ते तोंडातून निघून जाईल, याची भीती होती. तिथं नाही बोललो, म्हणून इथं बोलतो.

मोठे शिक्षक होतात, ते मात्र खरं. मी नोकरीला लागलो तेव्हा तुम्ही म्हणालात, "चार दिवस माझ्या वर्गात मागं येऊन बसा, मग तुमचा तास घ्या." दुसऱ्या वर्षाचा वर्ग होता आणि तुम्ही ती कादंबरी शिकवत होता. बर्फानं वेढलेलं तीस घरांचं डोंगरातलं गाव. एक अनोळखी माणूस दिवस मावळताना दारं ठोठावत फिरतो. एका घराची कडी आतून सरकल्याचा आवाज पहिल्याच प्रकरणात येतो. सकाळी तो माणूस गावाबाहेर गोठून मेलेला सापडतो. मग पुढची सगळी पानं त्या तीस घरांची. जो तो सांगतो, आम्हाला वाटलं वारा आहे. कडी कुणी घातली, हे लेखक शेवटपर्यंत सांगत नाही.

वर्गातली पोरं कन्नड, पैठणकडची. बर्फ पाहिलेला तो फक्त रसवंतीवर. त्यांनी वहीत आधीच लिहून ठेवलं होतं, 'बर्फ = माणसाची उदासीनता.' गाईडातून उतरवलेलं. तुम्ही एका पोराची वही उचललीत आणि ते बरोबरचं चिन्ह लाल शाईनं खोडलंत. म्हणालात, "हे गणिताच्या वर्गात ठेवून या." दुसऱ्या दिवशी गोणपाटात, भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी सायकलच्या कॅरिअरवर बांधून आणलीत. टेबलावर ठेवलीत आणि एकेकाला बोलावलंत. तळहात टेकवायचा, शंभर आकडे मोजायचे. चाळीस आकड्यांच्या पुढं एकही पोरगा गेला नाही. एका पोरीचे डोळे भरून आले. तुम्ही म्हणालात, "तो माणूस रात्रभर होता बाहेर. आधी थंडी वाजू द्या. प्रतीक कुठं पळून जात नाही."

त्या तासानं मला शिक्षक केलं, सर. आज रागात आहे तरी ते नाकारत नाही.

आपलं भांडण त्याच आठवड्यात सुरू झालं आणि ते संपलं नाही. मी म्हणायचो, हा लेखक पळपुटा आहे. तीस घरांवर गुन्हा वाटून टाकतो आणि कडी घालणाऱ्याला सोडून देतो. रूपक म्हणजे नाव न घेण्याची सोय. तुम्ही शांतपणे चहा फुंकत म्हणायचात, "प्रल्हादराव, नाव घेतलं की उरलेली एकोणतीस घरं झोपायला मोकळी." मी म्हणायचो, "मग सगळेच दोषी म्हणायचं आणि कुणालाच काही करायचं नाही." तुम्ही म्हणायचात, "मी दोषी म्हणत नाही. मी फक्त ऐकायला सांगतो. कडी सरकते, तो आवाज ऐका."

परीक्षेच्या पेपरात कुणी 'हा मानवी स्वभाव आहे' असं लिहिलं की तुम्ही अर्धा मार्क कापायचात. "स्वभाव म्हटलं की गुन्ह्याचं हवामान होऊन जातं. पाऊस पडला, थंडी पडली, माणूस मारला." स्टाफरूम हसायची. मीही हसायचो. तुम्ही माझ्याकडं बघून बोलत होता, हे मला कळायला तुम्हाला मरावं लागलं.

आता आठवतं, पहिल्या दिवशी कॅन्टीनमध्ये तुम्ही माझं गाव विचारलंत. मी सांगितलं, देवगाव रंगारीच्या पुढं दोन कोस. तुम्ही कप खाली ठेवलात. "गावात घर कुठं?"

"वेशीतून आत गेलं की पिंपळाच्या उजव्या हाताला."

"दार पूर्वेला?"

मी म्हणालो, "व्हय. तुम्ही आलाय का आमच्या गावाला?"

"नाही, अंदाज केला. जुन्या घरांची दारं पूर्वेलाच असतात." मग तुम्ही माझ्यासाठी आणखी एक चहा सांगितलात. तुम्ही कुठले, असं मी विचारलं, तर म्हणालात, "कन्नडकडचा." त्यापुढं कधी गावाचं नाव नाही. पंचवीस वर्षांत एकदाही नाही.

आमच्या गावात पिंपळामागं एक पडीक जागा आहे. तिथं दगडाचे चार हौद आहेत, आतून निळे पडलेले. लहानपणी आम्ही त्यात पावसाचं पाणी साचलं की म्हशीची रेडकं धुवायचो. त्या जागेला गाव 'रंगाऱ्याची जागा' म्हणतं. रंगारी कुठं गेला, असं मी एकदा अण्णांना, माझ्या वडिलांना, विचारलं होतं. अण्णा म्हणाले, "गेला. तवा लई वाईट झालं. जा, बैलाला पाणी दाव." रझाकारांनी माझ्या चुलत्याला चावडीपुढं कसं मारलं, घरातली ज्वारी कशी काढून नेली, ते मला तोंडपाठ होतं. ते दर मुक्तिदिनाला झेंड्याखाली सांगितलं जायचं आणि ते खरंच घडलं होतं. त्यानंतर अठ्ठेचाळीस साली निजामावर पोलीस ॲक्शन झाली, भारताची फौज आली, आणि मग पुढच्या आठवड्यात काय झालं, ते मात्र कुठल्याच झेंड्याखाली कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. कादंबरीतल्या गावाला नाव विचारणारा मी, स्वतःच्या गावाला कधी काही विचारलं नाही.

तुमच्या मृत्यूनंतर तिसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी गेलो. त्या घरात मी किती वेळा आलो असेन, आणि रझियाआपा मला कधी दिसल्या नव्हत्या. पडद्याआडून चहाचा ट्रे यायचा, दोन हात दिसायचे, 'सलाम भाईसाब' एवढा आवाज यायचा. त्या दिवशी त्या पहिल्यांदा बाहेर येऊन बसल्या. ओढणी कपाळापर्यंत घट्ट घेतलेली. मी म्हणालो, काही लागलं तर सांगा. त्या म्हणाल्या, "लगा तो नय कुछ. पण एक बात बोलनी है. भाई होते तो बोलने नय देते."

मग त्यांनी सांगितलं. पिंपळामागचे ते निळे हौद तुमच्या अब्बांचे. माझ्या अण्णांची लग्नातली पगडी तुमच्या अब्बांनी रंगवलेली. पोळ्याला आमच्या बैलांच्या झुली तुमच्या घरून रंगून यायच्या आणि तुमच्याकडं आमच्या घरून पुरणपोळीचं ताट जायचं. फौज आल्यावर चार दिवसांनी अब्बा बाजाराला म्हणून गेले, ते आले नाहीत. सहाव्या दिवशी दुपारी शेजारच्या गावांतून मुसलमानांची घरं शोधत माणसं आली. तुमच्या अम्मीनं तीन वर्षांच्या रझियाला कडेवर घेतलं, दहा वर्षांच्या तुमचा हात धरला आणि ती सरळ आमच्या दाराशी आली. दुसरीकडं कुठं जायचं, हे तिच्या मनातसुद्धा आलं नसेल. दार लोटलेलं होतं. तिनं माझ्या अण्णांना नावानं हाक मारली. आत माणसं बोलत होती. मग बोलणं थांबलं आणि कडी सरकली.

भर दुपारी, सर. वारा होता असं म्हणायची सोयसुद्धा आमच्या घरानं ठेवली नाही.

तुम्ही तिघं ज्वारीत लपलात. ज्वारी तेव्हा पुरुषभर होती. दुसऱ्या दिवशी रझियाला पाणी आणते म्हणून अम्मी गावाकडं परत गेली. ती आली नाही. तुम्ही एक दिवस वाट पाहिलीत आणि मग बहिणीला पाठीवर घेऊन चालत औरंगाबादला मामाकडं पोचलात. दहा वर्षांचं पोर. चार दिवस लागले, असं तुम्ही रझियाआपांना सांगितलं होतं. त्यांना स्वतःला यातलं काही आठवत नाही.

मी मान खाली घालून ऐकत होतो. मनात तुमच्याविषयी एक भयंकर आदर दाटून येत होता. वाटलं, हा माणूस पंचवीस वर्षं माझ्या शेजारी बसला, माझ्या डब्यातली भाकरी खाल्ली आणि एका शब्दानं बोलला नाही. संत होता. तेवढ्यात रझियाआपा म्हणाल्या, "अब आगे का सुनो. तुम्हारे वालिद आँख के ऑपरेशन कू आये थे ना?"

आले होते. औरंगाबादला माझ्या घरी होते आणि तुम्हाला मीच त्यांना भेटायला बोलावलं होतं. अण्णांच्या दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती, वेळ जात नव्हता, आणि तुम्ही आपणहून म्हणालात, मी रोज संध्याकाळी पेपर वाचून दाखवीन. पहिल्या दोन दिवशी तुम्ही बाजारभावापासून अग्रलेखापर्यंत सगळं वाचलंत. अण्णा खूश. "मास्तरचा आवाज चांगलाय," म्हणाले. तिसऱ्या दिवशी मी डोळ्यांत घालायचे थेंब आणायला गुलमंडीला गेलो. परत आलो तेव्हा तुम्ही निघून गेला होता. पेपर घडी घालून खुर्चीवर होता. अण्णा भिंतीकडं तोंड करून बसले होते.

"मला गावाकडं घेऊन चल," म्हणाले.

"अण्णा, पट्टी सुटायची आहे अजून."

"पट्टीचं काय करायचंय."

मी हजारदा विचारलं, काय झालं, सर काही बोलले का. अण्णा म्हणाले, "मास्तर चांगला माणूस हाये. त्याला काय इचारू नको." पट्टी सुटली, नजर चांगली आली, पण चष्मा त्यांनी घातला नाही. जेवण कमी झालं. वैशाखात गेले. मी डॉक्टरला शिव्या दिल्या, औषधाला दिल्या, वयाला दिल्या.

रझियाआपांनी सांगितलं ते असं. त्या तिसऱ्या संध्याकाळी अण्णांनी तुमचा आवाज ओळखला. किंवा तुमच्यात तुमच्या अब्बांचा आवाज ओळखला. त्यांनी तुमचा हात धरला आणि विचारलं, "तू रंगाऱ्याचा करीम का रं?" तुम्ही हो म्हणालात. मग हात न सोडता म्हणाले, "संगं बारकी पोरगी व्हती. ती जगली का?"

आणि तुम्ही सांगितलंत, "नाही. ती त्याच आठवड्यात गेली."

रझियाआपा मला म्हणाल्या, "भाई घर आके बोले, मैंने ऐसा बोला. मैं रोटी डाल रही थी. मैं बोली, मैं जिंदी बैठी हूँ यहाँ, मुझे मारनेवाले तुम कौन? भाई तीन दिन खाना नय खाये."

सर, तुम्ही दहा वर्षांचे असताना जे जे मनात धरलंत, त्यातलं काहीही मला परत मागता येणार नाही. पण त्या संध्याकाळी तुम्ही दहा वर्षांचे नव्हता. पंचेचाळिशीचे होता, इंग्रजीचे प्राध्यापक होता. समोर डोळ्यांवर पट्टी बांधलेला म्हातारा होता. पस्तीस वर्षं त्याच्या आत अडकलेला एकच प्रश्न त्यानं बाहेर काढला, आणि त्याचं खरं उत्तर तुमच्या घरी चुलीपुढं भाकरी भाजत होतं. त्याला एवढंसं समाधान द्यायचं तुम्ही नाकारलंत. तुम्हीही कडी घातलीत.

हे लिहिलं आणि आता ते खोडावंसं वाटतं. कडी घालणं ही उपमा देण्याचा अधिकार मला नाही. आमच्या घरची कडी खरी होती, लोखंडाची, आणि तिच्यामुळं तुमची आई मेली. तुमचं खोटं आणि आमची कडी एका तागडीत बसत नाहीत, हे मला कळतं. पण अण्णा माझे होते. शेवटचे चार महिने ते ताटावर हात ठेवून नुसते बसायचे. त्यांना कुणाची तीन वर्षांची पोरगी दिसत होती, हे मला आता कळतंय. मी त्यांना 'जेवा की, काय झालंय तुम्हाला' म्हणून ओरडायचो.

त्यांच्या दहाव्याला तुम्ही एस.टी.नं गावाला आलात. दारापुढं उन्हात उभे राहिलात. मी म्हणालो, "सर, आत या." तुम्ही म्हणालात, "नको, चपलांना चिखल आहे." वैशाखात कसला चिखल. मला वाटलं, सोवळंओवळं मनात धरून तुम्ही संकोच करताय. मी उलट तुम्हाला हात धरून ओढलं. माझी आई ओट्यावर होती. तिनं तुमच्याकडं पाहिलं आणि उठून आत गेली. तुम्ही दाराकडं एकदाही पाहिलं नाहीत. पाणी न पिता परत गेलात.

जूनमध्ये तुम्ही त्या कादंबरीचा पेपर सोडलात. "आता तुम्ही शिकवा, मला कंटाळा आला." मी चिडलो. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर म्हणालो, "पोरांच्या हातावर बर्फ ठेवून झाला, नाटक संपलं, आता कंटाळा का?" तुम्ही फक्त तुमच्या टिपणांची वही माझ्यापुढं सरकवलीत. आपण दोन महिने बोललो नाही. त्या वहीवरून मी तेव्हापासून दर वर्षी तुमचाच धडा शिकवला. अण्णा गेल्यावर तुम्हाला काही वाटलं असेल, तर ते एवढंच दिसलं मला. तेही तेव्हा दिसलं नाही.

मला सगळ्यात जास्त कशाचा राग येतो सांगू? तुम्ही मला कधी जाब विचारला नाहीत. मी पिंपळाच्या उजव्या हाताचं घर सांगितलं, तेव्हा तुम्ही उठून जाऊ शकला असता. माझ्या थोबाडीत मारू शकला असता. त्याऐवजी चहा पाजलात आणि मित्र म्हटलंत. ते खरं होतं का? की मी तुमच्यासाठी माणूस नव्हतोच, त्या तीस घरांपैकी एक घर होतो, आणि तुम्ही रोज बाकावर बसून ते घर वाचत होता? आपण एवढं भांडलो रूपकावर. तुमच्यापुढं मी प्रल्हाद म्हणून किती दिवस होतो आणि दार म्हणून किती दिवस, हे तुम्ही मला सांगायला हवं होतं.

निघताना मी रझियाआपांपुढं हात जोडले. म्हणालो, आमच्या घरानं जे केलं त्याची माफी मागतो. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, "भाई ने माफ करे का नय करे, वो भाई कू मालूम. मेरा पूछे तो मैं नय करी. अम्मी की सूरत भी याद नय मेरे कू." कप माझ्याकडं सरकवून म्हणाल्या, "चाय पिओ, ठंडी होरी." मी प्यालो. मग म्हणाल्या, "तुम्हारी वालिदा है ना अभी? उनकू बोलना, मैं जिंदी हूँ. तुम्हारे अब्बा कू तो कोई नय बोला."

काल मी गावाला गेलो. माय ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती. सत्तरी पार झाली, ऐकू चांगलं येतं. मी शेजारी बसलो. वाटेत एस.टी.त ठरवलं होतं की कडी कुणी घातली ते विचारायचं. तिथं बसल्यावर ते विचारलं नाही. म्हणालो, "माय, करीमसर गेले. दहाव्याला आलेले, दारात उभे राहिलेले."

"रंगाऱ्याचा करीम," माय म्हणाली. शेंगा फोडणं थांबलं नाही.

तिला माहीत होतं. तिनं त्याच दिवशी ओळखलं होतं तुम्हाला.

मी म्हणालो, "त्यांची बहीण जिवंत आहे. औरंगाबादला असते. मी भेटलो तिला."

मायचे हात थांबले. तिनं पिंपळाकडं पाहिलं. मला वाटलं, रडेल. ती रडली नाही. म्हणाली, "तिची आई दिसभर हौदापाशी. पोरगी माझ्याकडंच असायची. तेल लावून मीच इंचरायचे. लई कुरळे केस, फणी बसायची नाय." मग माझ्याकडं वळून विचारलं, "अजून तसंच हायेत का?"

मी म्हणालो, "ते नाही पाहिलं, माय."

"मंग काय बघून आलास तू?"